चव तीच राहील

३ फेब्रुवारी

मुख्य मिश्रणकार बाईंस,

आपल्या कंपनीचं एक जुनं गिऱ्हाईक या नात्याने लिहीत आहे. बाप या नात्याने लिहिलं तर पाकीट फोडाल की नाही याची खात्री नाही. सहा वर्षांत आपल्याकडून आलेली पाकिटं मी तरी फोडलेली नाहीत, तेव्हा त्या बाबतीत फिटंफाट.

तक्रार अशी. काल सकाळी 'निवांत' तंबाखूची नवी डबी उघडली. डबी तीच, हिरवी. झाकणावर तीच आरामखुर्ची. तिच्याखाली तेच वाक्य, 'चव तीच राहील', आणि त्याच्याखाली माझी सही. सही अजून झकास उमटते, त्याबद्दल आपल्या छपाई खात्याचे आभार. आत मात्र भलतंच काहीतरी निघालं.

आधी वासाचं सांगतो. झाकण उघडताच मनुकांच्या बरणीत डोकावल्यासारखा जो गोडसर वास यायचा, तो नाहीच. त्याच्या जागी ओल्या दोरखंडाचा वास. मी म्हटलं, असेल, प्रवासात डबीला काहीतरी झालं असेल. पाइप भरला, नेहमीसारखा, खाली सैल आणि वर जरा दाबून. पेटवला. पहिला झुरका घेतला आणि जिभेवर कुणीतरी सरपणाची मोळी टाकली. नुसता धूर! तिसऱ्या झुरक्याला मी पाइप विझवला. पंचावन्न वर्षांत भरलेला पाइप मी अर्ध्यावर टाकलेला नाही. तुझ्या आईला कळा सुरू झाल्या होत्या तेव्हासुद्धा संपवूनच उठलो होतो, आणि ते ती अजून ऐकवते.

बघ, 'तू' म्हणून गेलो. असू दे.

कारखाना मी विकला. तुला न विचारता विकला, हेही खरं, पण तो माझा होता आणि माझे गुडघे गेले होते. नंतर तू त्याच लोकांकडे नोकरी धरलीस तेव्हा मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तरी मनात कुठेतरी म्हणायचो, निदान निवांतच्या वाटेला कुणी जाणार नाही, आपली पोर तिथे बसली आहे. ज्या मिश्रणावर तू लहानाची मोठी झालीस, ज्याची कृती मी तुझ्याशिवाय कुणाला दिली नाही, तेच तू बदललंस? आणि वर माझी सही तशीच ठेवून? याला केसाने गळा कापणं म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच. निवांत होता तसा करा, नाहीतर झाकणावरून माझी सही काढा.

आपला,
झाकणावरचा सहीवाला


१३ फेब्रुवारी

बाईसाहेब,

कार्ड मिळालं. दोन ओळी. 'बाबा, गेल्या जूनमधलं पत्र वाचा. मग पुन्हा एकदा ओढून बघा, सावकाश.' बस्स. बापाने चार पानं लिहिली की दोन ओळींत त्याची बोळवण करायची, हे कंपनीत शिकवतात का?

जूनमधलं पत्र वाचायचा मला वेळ नाही. त्यात काय असणार ते मला पाठ आहे. काळ बदलला, लोकांची आवड बदलली, पान मिळत नाही. ही सगळी रडगाणी मी स्वतः दुसऱ्यांना ऐकवलेली आहेत.

ओढूनही बघितलं, सावकाश. तुझ्यासाठी नाही, शनिवारच्या मंडळींना तोंड द्यायचं होतं म्हणून.

तुला तंबाखूच्या दुकानाची मागची खोली आठवत असेल. चार वेताच्या खुर्च्या, एक खिडकी, आणि घड्याळजी सोडून कुणी हात लावायचा नाही असं भिंतीवरचं घड्याळ. शनिवारी अकरा वाजता आम्ही तिघं तिथे जमतो: घड्याळजी, जजसाहेब आणि मी. चौथी खुर्ची दुकानदाराची, पण त्याला गिऱ्हाइकांमुळे बसायला मिळत नाही. या माणसांनी तीस तीस वर्षं निवांतशिवाय दुसरं काही ओढलेलं नाही.

शनिवारी मी आत शिरलो. जजसाहेबांनी माझ्यापुढे डबी सरकवली, झाकण वर करून, सही माझ्याकडे करून. कोर्टात पुरावा सरकवावा तशी.

"हवा दमट आहे हल्ली," मी म्हटलं. हो, म्हटलं. पहिल्या फटक्याला मी तुला वाचवायलाच गेलो, हे तुला कळलेलं बरं.

"हवेवर खापर फोडू नका," जजसाहेब म्हणाले. "तुमचं नाव आहे याच्यावर."

घड्याळजी बिचारा भांडखोर नाही. तो म्हणाला, "मला वाटलं माझ्याच नाकाला काहीतरी झालं. डॉक्टरकडे जाऊन आलो हो! तो म्हणाला, नाक ठणठणीत आहे. मग मी काय समजायचं? बायको गेल्यानंतर घरात एकच वास उरला होता ओळखीचा. तोही काढून घेतला?"

दुकानदाराने बाहेरून ओरडून सांगितलं की या आठवड्यात अकरा डब्या परत आल्या. जजसाहेब म्हणाले, "तुमची मुलगीच आहे ना तिथे? विचारा तिला." मी म्हटलं, ती माझ्या ऐकण्यातली नाही. चारचौघांत हे म्हणताना काय वाटतं ते तुला मूल असतं तर कळलं असतं.

आता एक गोष्ट सांगतो, म्हणजे बाबांना काही कळत नाही असं तुला वाटायला नको. मनुकांचं पाणी तू बंद केलं आहेस. माझ्या ते पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. ते पाणी कृतीच्या वहीत लिहिलेलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. ते मी स्वतः शिंपडायचो, दार लावून. का शिंपडायचो तो वेगळा विषय आहे. तीस वर्षं लोकांना तो गोडवा आवडला, त्यांचा त्यावर जीव बसला, एवढं पुरे. वहीवर बोट ठेवून तू तो काढून टाकलास, आणि वर कुठलं तरी हलकं, करपलेलं पान घातलंस. ते पान तर मी ओळखलंसुद्धा नाही. इतकी वर्षं पानं हाताळली, पण असलं उग्र काही माझ्या कारखान्याच्या दारात मी येऊ दिलं नसतं.

पंधरा दिवस वाट बघतो.

बाबा


२ मार्च

तुला,

पंधरा दिवस झाले, वर दोन. तुझं उत्तर नाही. तेव्हा आता जे झालं त्याचा दोष मला देऊ नकोस.

तुझ्या संचालकांना तक्रार गेली आहे. त्रेचाळीस सह्या आहेत. दुकानदाराने कागद गल्ल्यापाशी ठेवला होता, लोकांनी रांग लावून सह्या केल्या. पहिली सही माझी, 'मूळ निर्माता' म्हणून. मसुदा जजसाहेबांचा, त्यामुळे भाषा भारी आहे. 'ग्राहकांच्या विश्वासाचा भंग' वगैरे. शेवटी एक वाक्य आहे: ज्या व्यक्तीने हे मिश्रण बदललं तिला त्या पदावर ठेवू नये. हे वाक्य मी घातलेलं नाही. जजसाहेबांनी घातलं.

मी ते खोडलंही नाही. सही करताना वाचलं होतं.

पोस्टात टाकून घरी आलो आणि तुझ्या आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिला माझ्या पाइपचं मुळात कौतुक नाही. माझा कोट घरात न आणता गॅलरीत टांगते आणि डॉक्टरांना माझ्यादेखत विचारते, 'यांचं अजून किती दिवस चालायचं?' पण यावेळी चेष्टा नाही, काही नाही. निवडलेली भाजी तशीच ठेवून उठली. गॅलरीत जाऊन तुला फोन लावला. मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं. तू रडत नव्हतीस, एवढं मला तिच्या बोलण्यावरून कळलं, कारण ती म्हणत होती, "अगं, रडून तरी मोकळी हो."

मग आत येऊन माझ्यापुढे उभी राहिली. "तिची पत्रं कुठे आहेत ठाऊक आहे तुम्हाला? शिलाई मशीनच्या खणात. तुम्ही केराच्या टोपलीत टाकायचात, मी काढून ठेवायचे. नऊ आहेत. एक तरी वाचायचं, मग सह्या गोळा करत हिंडायचं."

मी म्हटलं, "कंपनीची वकिली वाचायची मला हौस नाही."

"कंपनीची नाही हो," ती म्हणाली. "तुमची."

तिला तू काय सांगितलं आहेस कोण जाणे. मी खण उघडलेला नाही. तुला राग आला असेल तर येऊ दे. मलाही आला आहे, आणि माझा जुना आहे.

संचालकांची बैठक अकरा तारखेला आहे, असं जजसाहेबांना कळलं आहे.

बाबा


१० मार्च

पोरी,

वाचलं.

काल दुपारी तुझी आई बाहेर गेली होती. घरात कुणी नसताना खण उघडला. मला लाज वाटायला तिच्यादेखत नको होती. जूनचं पाकीट सगळ्यात जाड होतं. तू लिहिलं आहेस: 'बाबा, ते झुडूप पुन्हा उगवलं आहे. तुम्हाला तंबाखूचं पान द्यायचा त्या म्हाताऱ्या पानवाल्याच्या नातीने स्वतःच्या जमिनीवर लावलं. तिने चारच मांडव घातलेत, पण धुरी त्याच लाकडाची देते. मी जाऊन दोन दिवस राहिले. पान नाकाशी धरलं आणि एकदम चौदा वर्षांची झाले. आता खरा निवांत होऊ शकतो. मनुकांचं पाणी लागणार नाही. पण परीक्षा तुम्ही घ्यायची. पुढच्या खोलीत तुम्ही बसा, शेजारच्या खोलीत मी. तुम्ही आल्याशिवाय मी खेप काढणार नाही.'

खाली तारीख दिली होतीस. मी यावं म्हणून. मग ऑगस्टमधल्या पत्रात दुसरी तारीख. मग ऑक्टोबरमध्ये तिसरी. शेवटचं डिसेंबरचं: 'वाट बघून थकले बाबा. माझ्या एकटीच्या नाकावर काढते आहे.'

म्हणजे ज्याला मी ओला दोरखंड म्हटलं, सरपण म्हटलं, हलकं पान म्हटलं, ते तेच पान होतं. ज्याच्यासाठी मी ऐन तरुणपणात चार दिवस खेचरावर बसून गेलो होतो. ज्याच्यावर निवांत उभा राहिला. मला ते ओळखू आलं नाही. तुला आलं.

आता जे मी कधीच कुणापाशी बोललो नाही, ते लिहितो. तुला ते ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू ते ऐकलेलं नाहीस.

एकतीस वर्षांपूर्वी जंगलातलं ते धुरीच्या लाकडाचं झुडूप तोडायला बंदी आली आणि म्हाताऱ्याचे धुरीचे मांडव बंद पडले. मी दुसरीकडचं पान आणलं. ते जिभेला चावायचं. चावणं झाकायला मनुकांचं पाणी शिंपडलं. झाकणावर तेव्हाही तेच वाक्य होतं आणि माझी सही होती. डबीवर 'मिश्रण बदललं आहे' असं छापायला हवं होतं. छापलं असतं तर लोक नाराज झाले असते, दोन वर्षं कुरकुरले असते, आणि मग विसरले असते. मला तेवढीही नाराजी नको होती. माझ्या सहीचा मला फार तोरा होता.

आपल्या कारखान्याची रीत तू जाणतेस. खेप बाहेर जायच्या आधी तीन नाकं लागायची. पुढच्या खोलीत मी आणि मुकादम, मागच्या खेपेचा एक पाइप आणि नव्या खेपेचा एक, एकामागून एक. आणि शेजारच्या खोलीत, काचेच्या दाराआड, कधीच न ओढणारं एक माणूस. कारण ओढणाऱ्याला स्वतःचा धूर कळत नाही, तो शेजाऱ्याला कळतो. त्याला दोन्ही धूर एकच वाटले तर त्याने हात वर करायचा, मगच खेप निघायची. तुझी आजी थकल्यावर ते स्टूल तुला मिळालं. कारखान्यात सगळे तुला नाकुताई म्हणायचे.

दुसऱ्या पानाची पहिली खेप होती त्या दिवशी पहिला पाइप झाला. दुसरा पेटला. तू हात वर केला नाहीस. मुकादम माझ्याकडे बघायला लागला. मी उठून तुझ्या खोलीत आलो. तू म्हणालीस, "बाबा, दुसरा वेगळाच कुणीतरी माणूस आल्यासारखं वाटतंय." चौदा वर्षांची पोर, एका वाक्यात तू माझी चोरी पकडलीस. मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, "हात वर कर." तू म्हणालीस, "पण बाबा..." मी म्हटलं, "तुला सर्दी झालीय. हात वर कर."

तुला सर्दी झालेली नव्हती.

त्यानंतर तू सात वर्षं त्या स्टुलावर बसलीस. दुसरा पाइप पेटायच्या आधीच तुझा हात वर असायचा. मी मुकादमाला अभिमानाने सांगायचो, पोरीचं नाक काय तयार झालंय बघा. आणि तू काचेतून माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघायचीस. मला ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी स्वतःला सांगायचो.

तरीही, खोटं कशाला सांगू, पत्र वाचून माझा तुझ्यावर विश्वास बसला नाही. कपाटात बंदीच्या आधीच्या तीन डब्या आहेत. त्या उघडायची मला इतकी वर्षं भीती वाटत होती. लोकांना सांगायचो, मुरायला ठेवल्यात. काल संध्याकाळी त्यातली एक उघडली. तुझी आई स्वयंपाकघरात होती. तिला काही न सांगता, दार अर्धवट लावून, बाहेर बसून आधी जुना ओढला, मग तुझा. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, वास कसा येतोय?"

ती दारात आली. हात पुसत म्हणाली, "पहिला जरा मुरलेला, दुसरा ताजा. पण एकच आहेत दोन्ही. मधली तीस वर्षंच तुम्ही दुसरं काहीतरी ओढत होतात."

तिलाही ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मीच चोर आणि मीच आंधळा.

आज रविवार. कंपनीत फोन कुणी उचलत नाही. उद्या बैठकीच्या आधी मी दारात उभा राहतो. हे पत्र तुला नंतर मिळेल, पण तोवर मी सगळं निस्तरलेलं असेल.

बाबा


१८ मार्च

पोरी,

काहीच निस्तरलं नाही.

बैठक त्यांनी सकाळी लवकरच उरकली; मी पोचलो तेव्हा संपली होती. तिथल्या एका संचालकांनी मला मोठ्या आदराने खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "निर्णय तुमच्याच बाजूने झालाय." मी म्हटलं, माझी बाजूच चुकीची आहे. सगळं सांगितलं. बंदी, दुसरं पान, मनुकांचं पाणी, एकतीस वर्षं. ते शांतपणे ऐकत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "बापाचं काळीज आम्ही समजू शकतो." मी टेबलावर हात आपटला तेव्हा त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

सही काढा म्हटलं, तर कारखान्याच्या विक्रीचा कागद दाखवला. नाव, झाकण, खुर्ची, वाक्य, सही. मी सगळं लिहून दिलेलं आहे. सही त्यांची आहे. माझी राहिलेली नाही.

आणि मग जिन्यात तू. हातात तुझा तराजू, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सहा वर्षांनी दिसलीस, कानापाशी केस पांढरे झालेले. मी काय काय बोलायचं ठरवून आलो होतो! तोंडातून एवढंच निघालं, "तोच होता गं."

तू म्हणालीस, "मला माहीत आहे, बाबा."

रागाने म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. मग आईची चौकशी केलीस, गुडघ्यांची केलीस, आणि खाली उतरून गेलीस. मला जिना उतरायला वेळ लागतो. मी खाली येईपर्यंत तू रस्त्याला लागली होतीस. राजीनामा तू बैठकीच्या आधीच दिला होतास, हे घरी आल्यावर तुझ्या आईकडून कळलं.

शनिवारी दुकानात गेलो. बसण्याआधीच सांगून टाकलं. म्हटलं, तुम्ही ज्याला खरा समजता तो मी केलेला नकली होता. पोरीने खरा परत आणला आणि आपण तिला घालवली. मला वाटलं होतं, हे मला हाकलून देतील. मी तयारीने गेलो होतो.

जजसाहेब हसले. म्हणाले, "साक्षीदार आरोपीचा बाप आहे. साक्ष ग्राह्य नाही." दुकानदार मधल्या दारात उभा होता, तोही हसला. मी शपथेवर सांगतो म्हटलं, तर आणखी हसले. मग मी बंदीच्या आधीची डबी काढली, म्हटलं, ओढून बघा. जजसाहेबांनी नाकाशी नेली आणि म्हणाले, "जुनी होऊन बिघडलीय."

घड्याळजी मात्र हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तीस वर्षं माझी जीभ खोटी?" तो म्हणाला. "माझ्या घरातला वास खोटा? मुलीला वाचवायचंय तर वाचवा की, आमचं कशाला खोटं पाडता?" त्याच्याकडून मी कधी चढा आवाज ऐकलेला नव्हता. मी डबी खिशात घातली.

मी खोटं बोललो तेव्हा एकाही माणसाने शंका घेतली नाही. खरं बोललो तर कुणी विश्वास ठेवत नाही. तू त्या स्टुलावर बसून हेच भोगलं असशील. आता मलाही त्यातलं थोडं कळतं आहे.

तुझ्या निवांतच्या राहिलेल्या डब्या कंपनी दुकानांतून परत मागवते आहे. मी जाऊन सहा उचलल्या. पानवाल्याच्या नातीला पत्र लिहिलं, पान घेणारं दुसरं कुणी मिळतं का ते बघतो म्हणून. तू कुठे आहेस ते तुझी आई सांगत नाही. पाकीट तिच्याकडे दिलं तर पोचतं, एवढंच म्हणते.

बाबा


२८ एप्रिल

पोरी,

तुझं उत्तर नाही, आणि ते मागायचा मला अधिकार नाही. तरी एक गोष्ट कळवायची राहिली आहे. तुझी आई म्हणते, हे लिहू नका, काही अडलेलं नाही. पण तुझ्यापासून लपवून केलेल्या गोष्टी माझ्या हातून पुष्कळ झाल्या.

माझा नकली निवांत काल दुकानात परत आला. झाकणावर आता आडवी पट्टी आहे: 'मूळ मिश्रण'. मंडळींनी डबी माझी वाट बघत तशीच ठेवली होती. घड्याळजीने मागचं सगळं विसरून माझी खुर्ची पुढे ओढली. जजसाहेब म्हणाले, "पहिला मान निर्मात्याचा." नाही म्हणायचं ठरवून गेलो होतो. मग मनात आलं, ओढावा, आणि त्यातला खोटेपणा जिभेने पकडावा. आता मला दोन्हीतला फरक कळतो. रोज सकाळी तुझ्या डबीतला एक पाइप ओढतो, सावकाश. पहिल्या दिवशी जे सरपण वाटलं होतं, त्यात आता थंडीतल्या सकाळसारखं काहीतरी लागतं, आणि शेवटपर्यंत ते बदलत जातं. फार मोठं काम आहे ते, पोरी. माझ्या हातून झालं होतं त्याहून एक पाऊल पुढचं. हे मी बाप म्हणून नाही, मिश्रणकार म्हणून लिहितो आहे.

तर काल त्यांचा पेटवला. तो गोडवा आला. पहिल्याच झुरक्याला खांदे सैल झाले. पान चावत होतं, मनुका ते झाकत होत्या, दोन्ही मला वेगवेगळं कळत होतं, आणि तरीही. घड्याळजी डोळे मिटून बसला होता. खिडकीतून ऊन येत होतं. जजसाहेब म्हणाले, "आता कसं घरी आल्यासारखं वाटतं," आणि मी मान डोलावली. त्यांचं मन राखायला नाही.

मला तो आवडला, पोरी. तुझ्या निवांतपेक्षा जास्त आवडला. येताना दोन डब्या घेऊन आलो.

बाबा